उरलेली क्रेडिट किती? नोकरी सांभाळून ऑनलाइन बीएसएन करण्याचा खर्च

न्यूयॉर्कमध्ये नव्याने आलेली मराठी सिस्टर भेटली की पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतोच, "बीएसएनला किती पैसे लागतात हो?" महाराष्ट्रात जीएनएमचा डिप्लोमा झालेला असतो, एनक्लेक्स परीक्षा पास होऊन आरएनचा परवाना हातात आलेला असतो, आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन ड्यूट्या सुरू असतात. वर मुदतीचं ओझं. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०१७ मध्ये कायदा केला की परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत नर्सिंगची बॅचलर पदवी, म्हणजे बीएसएन, घ्यायला हवी. कायद्याआधी परवाना मिळालेल्यांना सूट आहे, मागाहून आलेल्यांना नाही. इतर राज्यांत असा कायदा नसला तरी मोठी हॉस्पिटलं भरतीच्या जाहिरातीतच बीएसएन मागतात.

मी याच वाटेने गेले आहे, आणि सुरुवातीलाच ठेच खाल्ली. कॉलेज शोधताना मी फक्त एका क्रेडिटचा दर विचारत होते. एका ठिकाणी तो २५० डॉलर निघाला, स्वस्त वाटला, अर्ज भरला, पहिल्या सत्राचे पैसेही भरले. दोन महिन्यांनी पत्र आलं : मिरजेतल्या माझ्या सगळ्या जीएनएमची त्यांनी २४ क्रेडिट धरली होती. पदवीला लागतात १२०. म्हणजे उरली ९६, आणि खर्च २४,००० डॉलर. त्याच सुमारास माझ्या वॉर्डातली केरळची मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात होती. तिथला दर ३९०, ऐकूनच मी मागे फिरले होते. पण त्यांनी आरएनच्या परवान्यावरच तिला क्रेडिटचा मोठा गठ्ठा देऊन टाकला होता. तिची उरली ३६. हिशेब करा : १४,०४० डॉलर. महागड्या दराचं कॉलेज तिला दहा हजारांनी स्वस्त पडलं, शिवाय माझ्याहून दोन वर्षं आधी ती मोकळी होणार होती. मी पहिलं सत्र सोडून दिलं आणि नव्याने शोध घेतला.

म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजला एकच गोष्ट लेखी मागा : माझी किती क्रेडिट धरलीत आणि किती उरली? फोनवर प्रवेश विभागातली मुलगी गोड बोलते, "सगळं ट्रान्सफर होतं" म्हणते. त्या बोलण्याला काही अर्थ नाही. ईमेलवर आकडा हवा. आणि हे खास विचारा, की परवान्यावर मिळणारी क्रेडिट परदेशात डिप्लोमा केलेल्यांनाही देता का? काही कॉलेजं ती फक्त अमेरिकेतल्या असोसिएट पदवीवाल्यांना देतात, काही एनक्लेक्स पास झालं की पुरे म्हणतात. आपल्या खर्चातला सगळ्यात मोठा फरक या एका नियमाने पडतो.

आता प्रत्यक्ष दर. न्यूयॉर्कच्या रहिवाशाला सिटी युनिव्हर्सिटीत, म्हणजे क्यूनीत, सीनियर कॉलेजचा अर्धवेळ दर क्रेडिटला ३०५ डॉलर, राज्याच्या सूनीत २९५. क्यूनीच्या स्कूल ऑफ प्रोफेशनल स्टडीजमध्ये नोकरी करणाऱ्या आरएनसाठी पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. ३० क्रेडिट उरली असतील तर ९,१५० डॉलर, वर सत्रागणिक किरकोळ फी. राज्यात येऊन वर्ष झालेलं नसेल तर दर जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हा घाई न करता ते वर्ष पुरं होऊ द्या आणि तेवढ्यात कागदपत्रं गोळा करा. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीची पद्धत निराळी आहे. तिथे सहा महिन्यांना ठरलेली रक्कम, पाच हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यात जमतील तेवढे विषय. जाहिरातींत सहा महिन्यांत पदवी घेतलेल्यांच्या गोष्टी असतात. नाइट करून, घरी दोन मुलं सांभाळून ते होत नाही, दोन ते तीन टर्म धरून चाला. तिथे अ, ब, क अशी श्रेणी मिळत नाही, उत्तीर्ण झाल्याची नोंद होते. फी परत देताना तुमचं हॉस्पिटल ती नोंद मानतं का, हे आधी विचारून घ्या.

कुठलंही कॉलेज असो, नर्सिंग अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन यांची मान्यता हवी. पुढे एमएसएन किंवा नर्स प्रॅक्टिशनर करायचं मनात आलं तर याविना बहुतेक ठिकाणी दारातूनच परत यावं लागतं.

उरलेल्या क्रेडिटमध्ये आपल्याकडच्यांचे बहुतेक तेच विषय निघतात : इंग्रजी निबंधलेखन, संख्याशास्त्र, कधी रसायनशास्त्र, समाजशास्त्र. हे विद्यापीठाच्या दराने करू नका. क्यूनीच्या कम्युनिटी कॉलेजात क्रेडिटला २१० डॉलर पडतात. तीन क्रेडिटचं संख्याशास्त्र ९१५ ऐवजी ६३० मध्ये होतं. नुसती परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायच्या क्लेपच्या परीक्षा त्याहून स्वस्त. साधारण शंभर डॉलरमध्ये एक विषय निघतो, आणि मॉडर्न स्टेट्स ही ना-नफा संस्था फुकट अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला परीक्षेच्या फीचं व्हाउचर देते. मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवी वाढ आणि विकास हे विषय आपण जीएनएमला शिकलेलोच असतो. नाइटच्या ब्रेकमध्ये वाचून होतात. फक्त तुमचं कॉलेज कोणत्या विषयाला क्लेप धरतं, ती यादी अगोदर मागवा.

पैसे कुठून आणायचे? पहिलं दार हॉस्पिटलचं. मालकाने दिलेल्या शिक्षणखर्चापैकी कॅलेंडर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत रकमेवर तुम्हाला कर लागत नाही, त्यावरची रक्कम पगारात धरली जाते. बहुतेक हॉस्पिटलांच्या योजना याच आकड्याच्या आत-बाहेर असतात. इथे थोडं डोकं चालवा. जानेवारीत सुरू करून डिसेंबरात संपवायचा हट्ट धरलात तर एकाच वर्षाची मदत मिळते. त्याऐवजी सप्टेंबरात सुरुवात करा : पहिल्या सत्रात ९ क्रेडिट, २,७४५ डॉलर. पुढच्या पूर्ण वर्षात १५ क्रेडिट, ४,५७५. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात उरलेली ६, म्हणजे १,८३०. मिळून तेच ९,१५०, पण तीन कॅलेंडर वर्षांत विभागलेले आणि दर वर्षी मर्यादेच्या आत. दीड-पावणेदोन वर्षांत पदवी हातात, आणि हॉस्पिटल पूर्ण रक्कम देत असेल तर खिशातून जातं ते फक्त किरकोळ.

पण त्या योजनेचं पान न् पान वाचा. पैसे बहुधा निकाल लागल्यावर मिळतात, तोवर क्रेडिट कार्डावर बसलेलं व्याज तुमचं. किमान श्रेणीची अट असते. पदवीनंतर ठरावीक काळ नोकरी सोडता येत नाही, सोडली तर रक्कम परत. एजन्सीच्या करारावर आलेल्या असाल तर हा नवा बाँड जुन्या बाँडच्या वर चढत नाही ना, ते तपासा. युनियनच्या सभासद असाल तर तिथेही विचारा. ११९९एसईआययूचा स्वतंत्र प्रशिक्षण निधी आहे, आणि काही करारांत बीएसएन झालेल्यांना पगारात जादा रक्कमही लिहिलेली असते.

ग्रीन कार्डावर आलेल्यांनी फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरावाच. जीएनएम ही बॅचलर पदवी नसल्याने त्यातल्या पेल ग्रँटला आपण अपात्र ठरत नाही. २०२५-२६ साठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे, अर्धवेळ शिकणाऱ्याला त्या प्रमाणात कमी. मात्र न्यूयॉर्कच्या आरएनचा पूर्ण पगार असलेल्या घराला ती क्वचितच मिळते. तुम्ही घरात एकट्या कमावत्या आणि मुलं लहान असतील, किंवा अर्ज पाहतो त्या वर्षाची कमाई भारतातल्या पगाराची असेल तर शक्यता बरी. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट या करसवलतीत १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चावर २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर करातून वजा होतात. पण एकटीचं उत्पन्न ९०,००० किंवा दोघांचं मिळून १,८०,००० च्या वर गेलं की शून्य. नवरा आयटीत असेल तर हा आकडा धरूच नका.

कर्ज काढावंच लागलं तर सरकारी काढा. ना-नफा हॉस्पिटलात पूर्णवेळ नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ करणारी केंद्राची योजना आहे. खासगी बँकेच्या कर्जाला ती लागू नाही.

जाहिरातीत न दिसणाऱ्या खर्चात सगळ्यात मोठा आपला वेळ. ऑनलाइन म्हणजे व्हिडिओ बघायचे, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात दर आठवड्याला चर्चेत स्वतःचं लेखन टाकायचं, दोन जणींना संदर्भांसह उत्तरं द्यायची, आणि एपीए पद्धतीत पानंच्या पानं निबंध. पहिला निबंध मी चार वेळा लिहिला, तीन दिवस ऑफ त्यात गेले. कॉलेजचं लेखन केंद्र फुकट असतं, पहिल्याच आठवड्यात तिथे वेळ घ्या. शेवटी सामाजिक आरोग्याचं प्रात्यक्षिक असतं. त्याच्या तासांसाठी ड्यूटी बदलून घ्यावी लागते, तेव्हा सुपरवायझरला महिनाभर आधी सांगून ठेवा.

गावाकडच्या बहिणी-मैत्रिणींसाठी एक सांगते. "घरबसल्या ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग" अशी भारतातली जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर एक रुपयाही भरू नका. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनी नर्सिंगसारखे अभ्यासक्रम ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून चालवायला मनाई केली आहे. इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा वेगळा, जुना अभ्यासक्रम आहे. त्याला किमान तीन वर्षं लागतात, प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि रुग्णालयात प्रात्यक्षिकं करावी लागतात.

आता कागदपत्रं, कारण निम्म्या जणी इथेच अडकतात. इथल्या कॉलेजला जीएनएमच्या ट्रान्सक्रिप्टचं विषयवार मूल्यमापन लागतं. ते करणाऱ्या संस्था दोनशे ते पाचशे डॉलर घेतात. परवान्याच्या वेळी केलेला रिपोर्ट चालतो का हे आधी विचारा, पुष्कळदा चालत नाही. ट्रान्सक्रिप्ट नर्सिंग स्कूलकडून सीलबंद पाकिटात किंवा थेट ईमेलने जावं लागतं. माझ्यासाठी धाकटा भाऊ मिरजेला तीन खेपा घालून आला. आणि तिसऱ्या खेपेनंतर कळलं की मार्कशीटवर माझं नाव माहेरचं आहे, मधे वडिलांचं नाव. परवान्यावर आडनाव सासरचं आणि मधे नवऱ्याचं नाव. इथल्या माणसाला त्या दोन वेगळ्याच बायका वाटल्या. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत होता, त्याचं प्रमाणित भाषांतर, प्रतिज्ञापत्र, कुरिअर यात सात आठवडे गेले आणि प्रवेशाची एक तारीख हुकली. तो दाखला आणि भाषांतर आजच स्कॅन करून ठेवा. अजून भारतात असाल तर विमानात बसण्याआधी स्कूलमध्ये जाऊन सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या तीन प्रती घ्या, आणि पाकिटावर शिक्का आडवा, झाकणाच्या जोडावर मारून घ्या. माझ्या पहिल्या पाकिटावर तो नुसताच पुढच्या बाजूला होता, म्हणून ते परत आलं.