दारांतील मोटार आणि शेतकऱ्याचें अंदाजपत्रक

बैल विकत घेण्यापूर्वीं त्याचे दांत, खूर व चाल पाहणारा आणि वर्षभर पुरेल इतका कडबा घरीं आहे किंवा नाहीं याचा विचार करणारा शेतकरी, मोटार घेतांना मात्र पुष्कळदां एकच प्रश्न विचारतो : "महिन्याचा हप्ता किती?" वास्तविक मोटार हेंही एक खाणारें जनावरच आहे. बैल गोठ्यांत उभा असला तरी शेणखत देतो. मोटार उभी असली तरी विमा व हप्ता खातच राहते. ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यानें तिच्या खरेदीचा विचार बेताच्या उत्पन्नाच्या घरींही निघावा हें साहजिक आहे. परंतु कर उतरला तो खरेदीवरचा. मोटार पोसण्याचा खर्च त्यामुळें उतरलेला नाहीं. तो खर्च कसा मांडावा, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नमुन्यादाखल असें धरूं कीं, एका शेतकऱ्यानें सर्व खर्चासह ६ लाख रुपयांस पडणारी लहान मोटार घेतली. पैकीं १ लाख पदरचे व ५ लाख दरसाल ९ टक्के व्याजानें, ७ वर्षांच्या मुदतीचे. अशा कर्जाचा मासिक हप्ता सुमारें ८,०४५ रुपये येतो. मोटार महिन्यास ७५० किलोमीटर चालते, लिटरास १८ किलोमीटर जाते, व पेट्रोलचा भाव १०५ रुपये आहे. मग एका वर्षाचा हिशेब पुढीलप्रमाणें होतो :

कर्जाचे १२ हप्ते — ९६,५४० रुपये
पेट्रोल, ५०० लिटर — ५२,५०० रुपये
विमा, सरासरी — १५,००० रुपये
सर्व्हिसिंग व दुरुस्ती — १२,००० रुपये
टायरांची झीज (२०,००० रुपयांचे चार टायर ४०,००० किलोमीटर टिकतील या हिशेबानें) — ४,५०० रुपये
टोल, पी.यू.सी., बॅटरी व किरकोळ — ४,००० रुपये
एकूण — १,८४,५४० रुपये

वाचकांनीं आपल्या गांवचे भाव घालून हे आंकडे बदलून घ्यावे. पद्धत मात्र हीच ठेवावी. यावरून दिसेल कीं, हप्ता हा एकंदर खर्चाचा जेमतेम अर्धा भाग आहे. जो केवळ हप्ता विचारतो, त्याला अर्धीच मोटार दिसते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाहीं.

आतां हाच खर्च शेताच्या भाषेंत मांडूं. सन २०२५-२६ च्या हंगामासाठीं सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलास ५,३२८ रुपये ठरली. त्या भावानें वरील रक्कम उभी करण्यास सुमारें ३५ क्विंटल सोयाबीन लागेल. एकरी ७ क्विंटल उतारा धरला तर हें ५ एकरांचें सगळें पीक झालें. आणि ज्याची जमीन २ हेक्टरांपर्यंत, म्हणजे सुमारें ५ एकर, त्यालाच सरकारी व्याख्येनें लहान शेतकरी म्हणतात. बीं, खत, मजुरी व मळणी यांचे पैसे अद्याप द्यावयाचेच आहेत. सन २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत भारतांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळलें होतें. वरील मोटारीचा खर्च महिन्यास १५,३७८ रुपये पडतो. मधल्या काळांत उत्पन्न कांहींसें वाढलें असें धरलें, तरी मोटारीस देऊन उरणार काय, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरवावें.

दुसरी अडचण वेळेची आहे. शेताचें उत्पन्न वर्षांतून एकदां किंवा दोनदां येतें. हप्ता मात्र दर महिन्यास येतो. पाऊस लांबला म्हणून बँक थांबत नाहीं. अशा वेळीं पीककर्जाची रक्कम हप्त्याकडे वळविण्याचा मोह होतो. मग पेरणीस सावकार शोधावा लागतो, पीककर्ज थकतें, आणि तें मुदतींत फेडल्यास मिळणारी व्याजाची सवलतही बुडते. मोटारीचें कर्ज असें हळूहळू शेतांत शिरतें. हीच गोष्ट सर्वांत घातक होय.

तिसरी गोष्ट घसाऱ्याची. विम्याच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणें मोटारीची धरावयाची किंमत चार ते पांच वर्षांच्या दरम्यान निम्म्यावर येते. जमीन, विहीर किंवा फळबाग यांत घातलेला पैसा राहतो किंवा वाढतो. मोटारींत घातलेला दर वर्षीं वितळतो. आणि ५ लाखांच्या कर्जापोटीं ८४ हप्त्यांत आपण सुमारें पावणेसात लाख भरलेले असतात.

याचा अर्थ मोटार हें व्यसन आहे असा नव्हे. जेथें एस.टी. पोंचत नाहीं अशी दूरची वस्ती, घरांतील नित्याचा आजार, किंवा दूध व भाजीपाला रोज शहरास पोंचविण्याचा धंदा, अशा ठिकाणीं वाहन आपली किंमत भरून काढूं शकतें. पावसाळ्यांत मोटारसायकलीवर चौघांनीं प्रवास करणें धोक्याचें आहे, हेंही खरें. परंतु सोयरीक जुळवितांना दारांत मोटार दिसावी, एवढ्याच हेतूनें ती घेणें म्हणजे येणाऱ्या सुनेच्या डोक्यावर आधींच कर्ज ठेवणें होय.

म्हणून खरेदीपूर्वीं पुढील गोष्टी कराव्या :

१. तीन महिने रोजकीर्दींत नोंद ठेवावी कीं, मोटारीवांचून खरोखर अडलें असे दिवस किती. वर्षांत असे २४ दिवस निघाले व दिवसाचें भाडें ३,००० रुपये धरलें, तरी खर्च ७२,००० रुपये होतो. सुमारें १,१२,००० रुपये वांचतात.

२. उरलेल्या प्रवासास उपलब्ध सोयींचा लाभ घ्यावा. महाराष्ट्रांत एस.टी.नें ७५ वर्षांवरील वृद्धांस २०२२ पासून मोफत व स्त्रियांस २०२३ पासून अर्ध्या भाड्यांत प्रवास दिला आहे. अचानक आजारांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मागवितां येते.

३. मोटारीचा सगळा मासिक खर्च सहा महिने निराळ्या खात्यांत टाकून पाहावा. तो न चुकतां टाकतां आला, तर मोटार पेलेल; न आला, तर उत्तर मिळालेंच, आणि पैसेही आपल्यापाशींच राहिले.

४. जुनी मोटार घेणें झाल्यास नोंदणीच्या १५ वर्षांपैकीं किती उरलीं तें पाहावें, व विश्वासू मिस्त्रीस बरोबर न्यावें.

५. पीककर्ज व मोटारीचा खर्च कधींही एकत्र करूं नये.

आपल्या वाडवडिलांनीं अंथरूण पाहून पाय पसरावे असें सांगितलें, तें पाय आंखडण्यासाठीं नव्हे, तर थंडी लागूं नये म्हणून. मोटार ज्याला पेलते त्यानें ती खुशाल घ्यावी; परंतु ती शेतानें पोसावी, शेत विकून पोसूं नये.