विंडोज १० बंद झाली : दुकानातील संगणकाचे काय करावे?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तेव्हापासून छोट्या दुकानदारांचा एकच प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. संगणक चांगला चालतो आहे, बिल निघते आहे, तरी विक्रेता म्हणतो की हा आता भंगारात काढा व नवा घ्या. पस्तीस-चाळीस हजारांचा हा प्रश्न आहे आणि ज्याच्या दुकानात असे तीन संगणक आहेत त्याच्यासाठी तर तो वर्षभराच्या नफ्याचा आहे. म्हणून आज या सदरात आम्ही एका प्रणालीवरून दुसऱ्या प्रणालीवर जाण्याचा विषय घेत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सेवा थांबली याचा अर्थ संगणक बंद पडेल असा नाही. तो कालच्यासारखाच उद्याही सुरू होईल. थांबले आहे ते दुरुस्तीचे काम. प्रणालीमध्ये वेळोवेळी भोके सापडतात व कंपनी दरमहा ती बुजवून पाठवीत असे. आता नवे भोक सापडले तर ते उघडेच राहील. याचा परिणाम काय होतो हे जगाने मे २०१७ मध्ये पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने तेव्हा इंग्लंडच्या इस्पितळांपासून अनेक देशांतील कचेऱ्यांचे संगणक कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले. त्यानंतरच्या महिन्यात आलेल्या दुसऱ्या एका विषाणूने तर आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

झेरॉक्स, पॅनकार्ड, हज-उमराहचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी कामे करणाऱ्या आपल्या बंधूंनी तर हे अधिक गंभीरपणे घ्यावे. त्यांच्या संगणकात शेकडो लोकांच्या आधारकार्डाच्या व पासपोर्टच्या प्रती पडलेल्या असतात. ती ग्राहकांची अमानत आहे. गल्ल्याला कुलूप लावणारा दुकानदार ही पेटी मात्र उघडी टाकून घरी जातो.

आता मार्ग कोणते? विंडोज ११ घ्यावी तर तिच्या अटी कडक आहेत. संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक बाद. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालविले की आपला संगणक बसतो की नाही हे दोन मिनिटांत कळते. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता हे स्वतः करून पाहावे. संगणक बसत असेल तर विंडोज १० वरून ११ वर जाणे विनामूल्य आहे आणि आपल्या मते त्या दुकानदाराने पुढचा लेख वाचण्याचीही गरज नाही. काही कारागीर अटींना बगल देऊन जुन्या यंत्रावरही विंडोज ११ बसवून देतात, परंतु अशा यंत्राला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरगुती वापरासाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. दुखणे पुढे ढकलण्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

दुसरा मार्ग लिनक्सचा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या कामातून ही प्रणाली उभी राहिली. तिच्या अनेक जाती आहेत. विंडोजची सवय असलेल्या दुकानदाराला ‘लिनक्स मिंट’ सोपी जाते, कारण खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातील मेनू, फोल्डर हे सारे ओळखीच्या जागी असते. चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावरही ती चालते. तिला किंमत नाही आणि तिची प्रत काढून दुसऱ्याला देण्याची परवानगी तिच्या कर्त्यांनीच लेखी दिलेली आहे.

या शेवटच्या वाक्यावर आम्हाला जरा थांबावेसे वाटते. आपल्या बाजारांत शंभर-दोनशे रुपयांत ‘विंडोज टाकून’ मिळते आणि ती चोरीची प्रत असते हे देणारा व घेणारा दोघेही जाणतात. कोणी म्हणेल की कंपनी अब्जाधीश आहे, तिचे काय बिघडते? मालक श्रीमंत असल्याने त्याचा माल हलाल होत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली कुवेत येथील अधिवेशनात लेखन, संशोधन व व्यापारी नाव यांवरील हक्क शरीयतने मान्य केलेले असून त्यांचे उल्लंघन करता येत नाही असा ठराव केला आहे. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब या कलमानुसार चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय व्यवहाराची बाजू अशी की कुलूप तोडणारी ही साधनेच विषाणू घेऊन येतात. ‘स्टॉप’ नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर विषाणू मुख्यतः अशाच चोरीच्या सॉफ्टवेअरमधून पसरला.

तर मग सर्वांनी लिनक्स घ्यावी का? नाही. इथेच घाई नडते. आपण प्रणाली वापरीत नसतो, आपण तिच्यावर चालणारी कामे वापरीत असतो. ज्यांनी डॉसवरून विंडोजवर जाण्याचा काळ पाहिला आहे त्यांना आठवत असेल की वर्डस्टार व लोटसमधील जुनी कामे नव्या यंत्रावर आणताना किती त्रास झाला होता. जर्मनीच्या म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सवर जाण्याचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार संगणक बदलण्यास २०१३ पर्यंत दहा वर्षे लागली आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. उलट केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे यशस्वीपणे चालविले आहे. दोन्हीकडे प्रणाली एकाच घराण्यातील. फरक आमच्या मते कामाच्या स्वरूपात आहे. शाळेत वर्गाची कामे सर्वत्र सारखी आणि ठरलेली असतात. नगरपालिकेत खात्याखात्याची वेगळी सॉफ्टवेअर, त्यांतील बरीच विंडोजसाठीच लिहिलेली.

म्हणून आधी कागद घेऊन दुकानातील प्रत्येक संगणकावर दिवसभरात काय चालते ते लिहून काढावे. मालकाने एकट्याने लिहू नये, त्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाला विचारावे. मालकाला जे माहीत नसते ते त्याला माहीत असते.

जीएसटीचे पोर्टल, बँक, ई-मेल, रेल्वेचे तिकीट ही कामे ब्राउझरमध्ये होतात व लिनक्सवर ती तशीच होतात. एकट्या मालकीच्या धंद्यात जीएसटीचे विवरणपत्र मोबाइलवरील ओटीपीने भरता येते. कंपनी असेल तर डिजिटल सहीचे यूएसबी लागते आणि ते नव्या प्रणालीवर चालते की नाही हे आधी तपासावे. पत्रे व साधे तक्ते यांसाठी लिबरऑफिस पुरेसे आहे, मात्र एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो लिहून दिले असतील तर ते बहुधा अडतील. टॅली विंडोजसाठीच बनते. काहीजण वाइन नावाच्या साधनाने ती लिनक्सवर चालवितात, पण वर्षाचा हिशेब अशा जुगाडावर ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगठा घेणाऱ्या यंत्रांचे सॉफ्टवेअरही प्रामुख्याने विंडोज व अँड्रॉइडसाठी असते.

सर्वांत अवघड काम डीटीपीवाल्यांचे, आणि भिवंडी, मालेगाव, मिरज अशा ठिकाणी आपले कितीतरी बंधू लग्नपत्रिका व पावतीपुस्तकांच्या याच धंद्यात आहेत. मराठीचे जुने फॉन्ट युनिकोडचे नाहीत. त्यांत देवनागरी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले असते. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ‘निकाह’ऐवजी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पुंजका दिसतो. हा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र यांच्या जागा हटकून चुकतात. प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. उर्दूचे तसेच आहे. १९९४ पासून आपल्याकडे उर्दूची छपाई ज्या इनपेजवर चालत आली ते विंडोजचे सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांची फाइलही युनिकोडची नाही. लिनक्सवर नस्तालीक लिहिता येते, नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्टही आहे, परंतु नूरी नस्तालीकची सवय झालेल्या ग्राहकाला त्याचे वळण वेगळे वाटेल. कोरलड्रॉच्या फाइली इंकस्केप उघडते, पण पूर्ण नाही; मांडणी सरकते.

तेव्हा डीटीपीचा संगणक विंडोजवरच ठेवावा, आणि पैसे घालायचे तर त्याच एका यंत्रावर घालावे. मात्र जुने यंत्र काढण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक महत्त्वाच्या कामाची पीडीएफ काढून ठेवावी. मदरशाचे पावतीपुस्तक दरवर्षी तेच छापायचे असते. पीडीएफ कोणत्याही प्रणालीवर उघडेल. नव्याने टंकलेखन शिकणाऱ्या मुलाला इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवावा. तो विंडोज व लिनक्स दोन्हींत एकच आहे, म्हणजे पुढच्या बदलात त्याची बोटे नव्याने शिकवावी लागणार नाहीत.

आमच्या परिचयातील एका दुकानात आम्ही हा बदल जवळून पाहिला. तीन संगणक होते. टॅलीचा एक, डीटीपीचा एक आणि काउंटरवरचा, ज्यावर ऑनलाइन अर्ज व झेरॉक्सचे स्कॅन चालत. तिसऱ्यावर लिनक्स बसवायचे ठरले. मालकांनी आम्हाला सांगितले की सर्व माहिती पेनड्राइव्हवर घेतली आहे. आम्ही तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिला, तर त्यात फक्त डेस्कटॉपवरच्या फाइली होत्या. टॅलीचा बॅकअपही त्याच काउंटरच्या यंत्रावर एका आतल्या फोल्डरमध्ये ठेवलेला होता आणि तो त्यात नव्हता. डिस्क पुसली असती तर टॅलीचे यंत्र बिघडण्याच्या दिवशी हातात काहीच उरले नसते. त्या दिवशी काम थांबविले. प्रत घेतली म्हणजे झाले नाही, ती दुसऱ्या यंत्रावर उघडली तरच ती प्रत.

प्रत्यक्ष कृतीबाबत थोडे. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवून त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. आतल्या डिस्कला हात लागत नाही. अशा रीतीने आठवडाभर रोज तासभर काम करून पाहावे व दुकानातील प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय एकेक जोडून पाहावे. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात. काही जुने लेझर प्रिंटर मात्र अडून बसतात आणि मग त्यांच्यासाठी नवा प्रिंटर घ्यावा लागला तर बचतीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर शेजारी शेजारी बसविण्याचीही सोय आहे, परंतु नवशिक्याने डिस्कची वाटणी स्वतः करू नये.

आम्ही पाहिलेल्या दुकानात तर जुनी डिस्क पुसलीच नाही. जुन्या यंत्रात एक नवी छोटी एसएसडी बसवून तिच्यावर लिनक्स घातली आणि जुनी डिस्क काढून, तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवली. खर्च फक्त एसएसडीचा आला, आणि यंत्र पूर्वीपेक्षा लवकर सुरू होऊ लागले ते वेगळेच. पहिले दोन आठवडे काउंटरवरचा मुलगा कुरकुर करीत होता. स्कॅन केलेली फाइल कुठे जाते हे त्याला सापडेना. जुम्याच्या दिवशी नमाजनंतर गर्दी झाली तेव्हा त्याने दोनदा ग्राहकांना शेजारच्या दुकानात पाठविले. मालकांनी तेवढे सोसले. बदलासाठी रमजानचा किंवा शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचा हंगाम निवडला असता तर ते सोसवले नसते. कपाटातील ती डिस्क ते वर्षाचे ऑडिट होईपर्यंत तशीच ठेवणार आहेत. त्यानंतरही ती भंगारवाल्याला देण्याआधी पूर्ण पुसून घ्यावी असे आम्ही त्यांना सांगितले आहे, कारण ग्राहकांची आधारकार्डे अजून तिच्यातच आहेत.