थोड्या खर्चाची रानसहल : इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाटा
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख : भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र)

सहल म्हटली की पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. गाडीभाडे, प्रवेशाचे तिकीट, बाहेरचे जेवण आणि मुलांचा खाऊ ह्यांचा हिशेब मांडता मांडता सामान्य कुटुंबाची सहल पुष्कळदा मनातच राहून जाते. इंग्लंड हा संपन्न देश असला, तरी तेथील बेताच्या मिळकतीच्या आईबापांनाही हा हिशेब चुकलेला नाही. मोठ्या करमणूक-उद्यानांत चौघांच्या कुटुंबाला नुसत्या प्रवेशासाठीच बरीच मोठी रक्कम मोजावी लागते. तथापि त्याच देशात सहस्रावधी वाटा अशा आहेत की, त्यांवर पाऊल ठेवण्यास एक पेनीही पडत नाही. ह्या वाटा कोणाच्या, त्या खुल्या कशा राहिल्या आणि मुलांना घेऊन त्यांवर एक दिवस कसा घालविता येतो, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

१. जमीन एकाची, वाट सर्वांची

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. शेते, कुरणे, मेंढवाडे, राने ह्यांना कोणी ना कोणी धनी आहेच. परंतु ह्या जमिनींतून जुन्या पायवाटा गेलेल्या आहेत. शेजारच्या गावी, चर्चला, गिरणीला किंवा बाजाराला जाण्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून त्या पाडल्या. इंग्लंडचा कायदा असे मानतो की, जमीन शेतकऱ्याची असली तरी अशा वाटेवरून जाण्याचा हक्क सर्व जनतेचा आहे. इंग्लंड व वेल्स मिळून अशा मार्गांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते.

जेथे पक्की सडक सोडून पायवाट सुरू होते, तेथे दिशादर्शक खांब उभारावा लागतो. पुढे वाटेवर लहान बाण लावलेले आढळतात. पिवळा बाण पायी जाणाऱ्यांसाठी, तर निळा बाण घोडेस्वार व सायकलस्वार ह्यांनाही मोकळीक असल्याचे दर्शवितो. कुंपण आडवे आले, तर ते ओलांडण्यासाठी दोन-तीन लाकडी पायऱ्या असतात. किंवा एका वेळी एकच माणूस आत जाईल, परंतु गुरे बाहेर पडणार नाहीत, असे झुलते फाटक असते. मुलांना ही फाटके फार आवडतात.

ह्या वाटांची अधिकृत नोंद ठेवण्याचे काम बहुतेक ठिकाणी तेथील काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे असते. शेतकऱ्याने शेत नांगरताना वाट मोडली, तर सामान्यतः १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याला बंधनकारक आहे. आणखी एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. एखाद्या वाटेचा लोकांनी सलग २० वर्षे, उघडपणे, कोणाची परवानगी न मागता व कोणाचा अडथळा न येता वापर केला, तर ती वाट जनतेला दिलेली आहे असे कायद्याने गृहीत धरले जाते. जमीनधन्याला तसे नको असेल, तर आपला हेतू तसा नव्हता हे त्याने दाखवावे लागते. म्हणजे चालण्यानेच वाट सिद्ध होते.

२. हा हक्क सहज मिळालेला नाही

वाटा होत्या, परंतु डोंगरमाथ्यावरील मोकळी माळराने मात्र पुष्कळशी बंद होती. मँचेस्टर व शेफील्ड ही कारखान्यांची दोन मोठी शहरे. त्यांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. आठवडाभर धुराड्यांच्या छायेत राबणाऱ्या कामगारांना रविवारी तेथे जावेसे वाटे. पण तेथील माळ ग्राउझ नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी धनिकांनी राखून ठेवलेले होते, आणि राखणदार लोकांना हाकलून देत.

२४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाहून काही शे तरुण स्त्री-पुरुष किंडर स्काउट ह्या डोंगरावर जाणूनबुजून चढून गेले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. वर राखणदारांशी झटापट झाली. परतताना काहींना अटक झाली. पुढे खटला चालून पाच जणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंत कारावासाच्या शिक्षा झाल्या. माळावर फिरावयास गेलेल्या तरुणांना तुरुंगात जावे लागले, ही गोष्ट लोकांच्या मनाला लागली, आणि डोंगर खुले करण्याच्या मागणीस बळ आले.

१९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश ह्यांविषयीचा कायदा झाला. त्यानुसार १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हेच देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. आज इंग्लंडमध्ये अशी १० उद्याने आहेत. त्यांना तट नाही, दरवाजा नाही आणि तिकीटही नाही. त्यांच्या सीमेत गावे वसलेली आहेत व शेती चालते. २००० सालच्या कायद्याने नकाशावर दाखविलेले डोंगर, माळराने व गायराने ह्यांवर वाट सोडूनही पायी फिरण्याची मुभा दिली. ही मुभा इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूमीपुरती आहे. २००२ मध्ये, त्या चढाईला ७० वर्षे झाली तेव्हा, ज्यांच्या आजोबांच्या राखणदारांनी लोकांना अडविले होते, त्या डेव्हनशायरच्या ड्यूकांनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली.

३. एका दिवसाचा नमुना : एडेलचे खोरे

त्याच किंडर स्काउटच्या पायथ्याशी एडेल हे लहान खेडे आहे. मँचेस्टर-शेफील्ड लोहमार्गावर ह्या गावाचे स्थानक असल्यामुळे दोन्ही शहरांतील कुटुंबांना मोटारीवाचून तेथे पोहोचता येते. पाच वर्षांखालील मुलांना रेल्वेत भाडे पडत नाही. त्याहून मोठ्या मुलांसाठी कुटुंबाचे वार्षिक सवलतपत्र घेतले, तर १५ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या भाड्यात बहुतेक गाड्यांवर ६० टक्के व मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. वर्षात दोन-चार सहली केल्या की सवलतपत्राचा खर्च बहुधा भरून निघतो.

स्थानकातून निघून शेतांमधील पायवाटेने दक्षिणेकडील डोंगरकडेवर चढावे. वरच्या खिंडीला हॉलिन्स क्रॉस म्हणतात. एडेलमध्ये प्रार्थनामंदिर नव्हते, त्या काळी गावकरी आपल्या मृतांच्या शवपेट्या खांद्यावर घेऊन ह्याच वाटेने पलीकडच्या खोऱ्यात दफनासाठी नेत, असे सांगतात. तेथून धारेने चालत गेले की मॅम टॉर हा ५१७ मीटर उंचीचा माथा लागतो. माथ्याभोवती प्राचीन काळच्या तटबंदीच्या खुणा आहेत.

भूगोलाच्या शिक्षकाला ह्या डोंगराइतके बोलके साधन क्वचितच मिळेल. त्यात चिखलापासून बनलेल्या ठिसूळ खडकाचे व वालुकाश्माचे थर एकावर एक आहेत. पावसाचे पाणी मुरले की ते निसटतात. म्हणून ह्याला ‘थरथरता डोंगर’ असे नाव पडले. त्याच्या पायथ्याशी मोटाररस्ता होता. तो वारंवार खचे, वारंवार दुरुस्त होई. अखेर १९७९ मध्ये तो कायमचा बंद करण्यात आला. आजही डांबराचे तुटलेले, वाकलेले थर तेथे पाहावयास मिळतात. भूस्खलन हा शब्द पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही, ते त्या मोडक्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला क्षणात उमगते.

माथ्यावरून उत्तरेस पाहिले, तर खोऱ्यापलीकडे किंडरचा ६३६ मीटर उंचीचा पसरट माळ दिसतो. १९३२ ची गोष्ट मुलांना सांगावयाची ती येथेच, शिदोरी सोडून बसल्यावर. घरून आणलेले पाव-लोणी, सफरचंदे आणि थर्मासमधील चहा एवढ्यावर जेवण भागते. मुलांच्या चालीने परत येईपर्यंत अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ जातो. खर्च काय तो गाडीभाड्याचा.

४. ऋतू आणि त्यांची देणगी

वसंतात, एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेपर्यंत, जुन्या रानांत ब्लूबेल नावाच्या निळ्या फुलांचे गालिचे पसरतात. ते पाहण्यास काही पडत नाही. मात्र वाट सोडून फुलांत शिरू नये, कारण तुडविलेली झाडे सावरण्यास वर्षे लागतात.

उन्हाळ्यात समुद्रकाठ. दक्षिण किनाऱ्यावरील चारमथ व लाइम रीजस येथे जुरासिक काळातील प्राण्यांचे जीवाश्म लाटांनी उघडे पडतात. येथेच मेरी ॲनिंग (१७९९ ते १८४७) ह्या गरीब सुताराच्या मुलीने आपल्या भावासह इक्थिओसॉर ह्या समुद्री सरीसृपाचा सांगाडा शोधला, तेव्हा ती अवघी बारा वर्षांच्या आसपास होती. वाळूत सुटे पडलेले लहान जीवाश्म मुलांना वेचता येतात. परंतु कड्याखाली कधीही बसू नये, आणि भरतीची वेळ पाहिल्यावाचून निघू नये.

शरद ऋतूत कुंपणांच्या झुडपांना ब्लॅकबेरी लागतात. रानात आपोआप उगवलेली फळे, फुले व अळंबी विक्रीसाठी नव्हे तर स्वतःसाठी तोडणे, ही १९६८ च्या कायद्याने चोरी ठरत नाही. मात्र जमीनधन्याच्या परवानगीवाचून कोणतेही रोप मुळासकट उपटणे १९८१ च्या कायद्याने निषिद्ध आहे. घेण्याची मर्यादा कोठे असते, हे मुलांना शिकविण्यास ह्याहून सोपे उदाहरण नाही.

बिनखर्चाचा एक खेळही सांगण्याजोगा आहे. ओढ्यावरील लहान पुलाच्या एका कठड्यावरून प्रत्येकाने एकेक काटकी पाण्यात टाकावी व धावत दुसऱ्या कठड्याशी जाऊन कोणाची काटकी प्रथम बाहेर येते ते पाहावे. ए. ए. मिल्न ह्यांच्या १९२८ च्या बालकथांमुळे हा खेळ घरोघरी पोहोचला. ससेक्समधील ॲशडाउन फॉरेस्टात त्या कथांशी निगडित असा एक लाकडी पूल आहे. पण खेळास कोणताही पूल चालतो.

५. काटकसर आणि सावधगिरी

सहलीचा खर्च वाढतो तो मुख्यतः तीन ठिकाणी : वाहनतळाचे शुल्क, उपाहारगृह आणि ऐनवेळी काढलेले तिकीट. वाटा दाखविणारे मोठ्या प्रमाणाचे नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे ही संस्था काढते, आणि ते अनेक सार्वजनिक वाचनालयांत पाहावयास मिळतात.

इंग्लंडचे हवामान घटकेत पालटते. म्हणून उन्हातही प्रत्येक मुलाजवळ पावसाळी अंगरखा व मोज्यांचा एक जादा जोड असावा. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडू लागतो. निघण्यापूर्वी परतीची वेळ ठरवावी. वासरांसह असलेल्या गाईंपासून दूर राहावे व कुत्रा साखळीला बांधावा. उंच गवतातून आल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड चिकटली नाही ना, हे पाहावे, कारण तिच्यापासून लाइम नावाचा रोग होऊ शकतो. फाटक जसे सापडले तसे सोडावे आणि आपला कचरा आपण घरी न्यावा, हे तेथील मुलांना लहानपणापासून शिकविले जाते.

६. उरलेले प्रश्न

हे सर्व असूनही शहरांतील गरीब वस्त्यांतील पुष्कळ मुलांना ही राने अपरिचितच राहतात. वाट फुकट असली, तरी वाटेपर्यंत नेणारी बस रविवारी धावत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. राष्ट्रीय उद्यानांविषयी २०१९ मध्ये सरकारपुढे आलेल्या अहवालाने, प्रत्येक मुलाला अशा प्रदेशात एक रात्र ताऱ्यांखाली घालविण्याची संधी मिळावी, अशी सूचना केली. तिच्यामागे हीच उणीव होती.

दुसरा प्रश्न नोंदीचा. नकाशावर न चढलेल्या जुन्या वाटांची नोंद करण्यास २००० च्या कायद्याने २०२६ ची मुदत घातली होती. पदयात्रिकांच्या संघटनेने स्वयंसेवकांकरवी जुने नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड व वेल्समध्ये ४९,००० मैलांहून अधिक वाटा नोंदीवाचून राहिल्या असाव्यात, असे २०२० मध्ये दिसून आले. २०२३ मध्ये ही मुदत २०३१ पर्यंत वाढविण्यात आली, आणि ती मुळातच रद्द करण्याचा मनोदय सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. हक्क मिळविणे हे एक काम आणि तो टिपून ठेवणे हे दुसरे. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर पहिल्याचे फळ हातचे जाते.

म्हणून आईवडिलांचा हात धरून पायवाटेने जाणारे इंग्लंडमधील मूल केवळ सहल करीत नसते. आधीच्यांनी राखलेली वाट ते पुढच्यांसाठी चालती ठेवीत असते.

शिक्षकांसाठी सूचना

हा पाठ दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेत नकाशावर मँचेस्टर, शेफील्ड व त्यांमधील डोंगराळ मुलूख दाखवून भाग १ ते ३ समजावून द्यावेत. दुसऱ्या तासिकेत पुढील प्रश्नांवर चर्चा घ्यावी. उत्तरे सांगू नयेत. मुलांकडून काढून घ्यावीत.

१. जमीन एकाची असताना वाट सर्वांची कशी असू शकते?
२. १९३२ मध्ये तुरुंगात गेलेल्या तरुणांनी कायदा मोडला होता. त्यांच्याविषयी तुम्हांस काय वाटते? कारणे द्या.
३. मॅम टॉरखालील रस्ता पुन्हा पुन्हा का खचत असे?
४. फळे तोडण्यास मुभा आणि रोप उपटण्यास मनाई, असा भेद कायद्याने का केला असावा?
५. आपल्या गावातील एखादी जुनी पायवाट निवडा. ती कोठून कोठे जाते, कोण वापरते आणि केव्हापासून, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तिचा नकाशा काढा.