कागद सापडेल असं घर

मुलगी बारावीत गेली त्या वर्षी तिच्या जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज भरायचा होता. त्यासाठी हवा होता तिच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. दाखला घरात आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. चार संध्याकाळी आम्ही कपाटं उपसली. शेवटी तो साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडला. त्या चार संध्याकाळी तिचा अभ्यास बुडाला, दोनदा जेवण बाहेरून आणलं आणि नवरा-बायकोत शब्दाला शब्द वाढला तो वेगळाच.

घरातल्या वेळाचं नियोजन म्हटलं की आपण पहाटे लवकर उठण्याचा विचार करतो. माझा अनुभव असा की खरा वेळ शोधण्यात जातो, आणि त्यातही कागद शोधण्यात. म्हणून आवरायला सुरुवात कागदांपासून करा. पुढची रीत मी आमच्या घरात बसवली आहे. तिला दोन रविवार लागतात आणि नंतर आठवड्याला पंधरा मिनिटं.

साहित्य फार लागत नाही. घरात माणसं असतील तेवढ्या प्लास्टिकच्या पाकिटांच्या फाइली, शिवाय घराची एक आणि पैशांची एक. एक जाड पुठ्ठ्याची लांब वही, ठळक मार्कर, बुटांचा एक रिकामा खोका आणि झाकण घट्ट बसणारा मोठा प्लास्टिकचा डबा. स्टेपलर मात्र लांब ठेवा. पिना गंजतात आणि कागदाला तांबडे डाग पाडतात.

पहिला रविवार

सकाळी नाश्ता झाल्यावर हॉलमध्ये चादर अंथरा आणि घरातला प्रत्येक कागद तिच्यावर आणून टाका. लोखंडी कपाटाचा लॉकर, देवघराखालचा खण, पलंगातली पेटी, फ्रीजचा माथा, गादीखालची जागा, जुन्या पर्सा, स्कूटरची डिकी, सगळीकडून. मुलांना कामाला लावा. हा भाग त्यांना आवडतो.

आता एकच नियम पाळा: वाचत बसायचं नाही. जुनं पत्र हाताला लागेल, प्रगतिपुस्तक निघेल, कुणाचा तरी कृष्णधवल फोटो निघेल. ते सगळं बुटांच्या खोक्यात टाका. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो खोका उघडा, त्यासारखी संध्याकाळ नाही. पण सकाळी तो उघडलात तर काम तिथंच थांबेल.

ढीग लावताना कागद कोणत्या कार्यालयातून आला हे पाहू नका, तो कुणाचा आहे हे पाहा. माणसाचा कागद माणसाच्या ढिगात, घर-जमिनीचा एका ढिगात, पैशांचा एका ढिगात. उरलेला रद्दीत. पूर्वी मी ‘शाळा’, ‘दवाखाना’, ‘बँक’ अशा फाइली केल्या होत्या आणि त्या मोडल्या, कारण प्रवेशाच्या रांगेत मुलीचे सगळे कागद एकदम लागतात. तेव्हा चार फाइली चाळण्यापेक्षा तिची एकच फाइल उचलून निघता आलं पाहिजे.

माणसाच्या फाइलीत जन्माचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचे कागद, लसीकरणाचं कार्ड आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी असं ठेवा. ठेवताना प्रत्येक कागदावरचं नाव आणि जन्मतारीख शेजारी-शेजारी धरून वाचा. आपल्याकडे घोळ इथंच असतो. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर बाईचं नाव काही ठिकाणी बदललेलं, काही ठिकाणी माहेरचंच. फरक दिसला तर तो आजच वहीत लिहा. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि ऐन प्रवेशाच्या आठवड्यात तेवढा वेळ कुणीच देत नाही.

जुना, पिवळा पडलेला, मोडीतला, आपल्याला वाचताही न येणारा कागद रद्दीत टाकू नका. जात वैधतेसाठी वडिलांकडच्या पिढ्यांचे जुने पुरावे मागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे धरतात. आजोबांच्या शाळेतली एक ओळ नातीच्या कामाला येते ती अशी.

मूळ दाखले लॅमिनेट करू नका. परदेशी शिक्षणासाठी साक्षांकन करायची वेळ आली की शिक्का कागदाच्या पाठीवर मारावा लागतो, आणि प्लास्टिकवर तो बसत नाही.

दुसरा रविवार

घराचे आणि पैशांचे कागद संथपणे पाहायचे असतात, म्हणून त्यांना वेगळा दिवस.

घराच्या फाइलीत सगळ्यात पुढे मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू. मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची शेवटची पावती, वीज आणि गॅस जोडणीचे कागद. कर्ज फिटलं असेल तर बँकेने मूळ कागद परत केले का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करावे लागतात, आणि उशीर बँकेकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. गावाकडे जमीन असेल तर सातबारा, आठ अ आणि फेरफार यांचे उतारे. घरातलं माणूस जाऊन वर्षं लोटली आणि सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव आहे, असं अनेक घरांत असतं. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. राहिलं असेल तर हा रविवार त्याचाच.

पैशांच्या फाइलीत पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, विमा पॉलिसी, पेन्शनचे कागद. प्रत्येकावर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंय ते वाचा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचं नाव असतं, आणि आई हयात नसते. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बचत खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. ती तिथून परत मागता येते. वडीलधाऱ्यांचं एखादं जुनं पासबुक निघालं तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर त्यांच्या नावाने शोध घ्या.

वस्तूंच्या पावत्यांना फार वेळ देऊ नका. दुकानातल्या मशीनमधून निघालेली गुळगुळीत पावती काही महिन्यांत पांढरी पडते. घरी आल्याबरोबर तिचा फोटो काढा. फाइलींतल्या महत्त्वाच्या कागदांचे फोटोही आजच काढून घ्या. डिजीलॉकरमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद मूळ कागदाइतकाच मानतात. आपण स्कॅन करून चढवलेला मात्र नुसती प्रत असते, म्हणून त्याच्या भरवशावर मूळ कागद फेकू नका.

सगळ्या फाइली झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवा. डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाच्या खणात कधीच नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या घरांत पाणी शिरलं तेव्हा सगळ्यात आधी भिजले ते खालचे खण. कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस फाइली पंख्याखाली उघड्या ठेवा, म्हणजे कसर लागत नाही.

वही

या पायरीसाठीच मी हा लेख लिहिते आहे. आमचे सासरे अतिशय नीटनेटके होते. घरातला प्रत्येक कागद कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, आणि फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. आरोग्य विम्याची पॉलिसी हवी होती. मी विचारायचे, ते डोळ्यांनी कपाटाकडे दाखवायचे आणि आम्ही चुकीचा कप्पा उघडला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. घर नीट होतं, पण ती व्यवस्था एकाच माणसाच्या डोक्यात होती.

म्हणून वही. पहिल्या पानावर डबा कुठे आहे आणि किल्ली कुठे असते ते. मग प्रत्येक फाइलीला एक पान आणि त्यात काय-काय आहे त्याची यादी. बँकांची नावं आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, विम्याची नावं आणि हप्त्याचा महिना. पासवर्ड आणि पिन लिहायचे नाहीत. मृत्युपत्र केलं असेल तर ते कुठे आहे तेवढं लिहा. (केलं नसेल तर त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.)

वही लिहून झाली की परीक्षा घ्या. ज्याने फाइली लावल्या त्याने गप्प बसायचं. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी म्हणा, ‘सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून दे.’ पाच मिनिटांत निघालं तर वही नीट झाली. नाही निघालं तर वही बदला, माणसाला बोलू नका. आमच्याकडे पहिल्यांदा सासूबाईंना जमलं नाही, कारण मी ‘एस. सी.’ असं लिहून ठेवलं होतं. मी ते खोडून मराठीत, मोठ्या अक्षरांत ‘सोसायटीचा कागद’ असं लिहिलं. त्या ऐंशीच्या घरात आहेत. आता घरातला कुठलाही कागद त्याच सगळ्यांत आधी काढून देतात.

दर रविवारी

दाराजवळ एक उथळ टोपली ठेवा. आठवडाभर आलेला कागद तिच्यात टाका, टेबलावर नको. रविवारी चहानंतर पंधरा मिनिटांत टोपली रिकामी करा: फाइल, फोटो किंवा रद्दी. ज्या कागदाला मुदत आहे त्याची तारीख लगेच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. निवृत्त माणसाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो. शिवाय गाडीचा विमा, पासपोर्ट, गॅसची नळी. आपल्याकडे दुधाचा खाडा त्याच चौकटीत लिहायची सवय आहेच, तिच्या शेजारी हेही. आणि मुदतीच्या तारखेवर लिहू नका, तिच्या महिनाभर आधीच्या तारखेवर लिहा. आठवण व्हायला हवी ती काम करायला वेळ असताना.

जानेवारीत नवं कॅलेंडर टांगायच्या आधी जुनं चटईवर पसरून बसा. पुढच्या वर्षात जाणाऱ्या तारखा एकेक करून नव्यावर उतरवा, वहीत काही बदललं असेल तर तेही लिहा, आणि मगच जुनं रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवा.