रेघ नक्की कुठे मारायची?

पानशेत म्हटलं की आपल्याला पावसातली बाइक राइड, भाजलेलं कणीस आणि बॅकवॉटर आठवतं. आजी-आजोबांच्या पिढीला मात्र १२ जुलै १९६१ आठवतो. त्या दिवशी आंबी नदीवरचं, काम अजून पूर्ण न झालेलं मातीचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. सिम्युलेशन शिकताना 'जॉमेट्रीचे रीजन पाडणे' हा टॉपिक सगळ्यांना बोअर होतो. मला तो समजला तो पानशेतमुळे. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या!

आपण धरणाच्या आडव्या छेदाची आउटलाइन काढतो. सॉफ्टवेअरला तो फक्त एक आकार दिसतो, आत काय भरलंय ते त्याला माहीत नसतं. आतमध्ये रेघा मारून आपण त्याचे तुकडे पाडतो. हा प्रत्येक तुकडा म्हणजे एक रीजन. ॲबॅकसमध्ये याला पार्टिशन म्हणतात. मग प्रत्येक रीजनला मटेरियल आणि मेश द्यायचं. प्रश्न एवढाच, की रेघ कुठे मारायची?

पहिली रेघ : मटेरियल बदलतं तिथे. आपल्याकडच्या मातीच्या धरणात मध्ये चिकण मातीचा गाभा असतो, त्याला साइटवर हार्टिंग म्हणतात. दोन्ही बाजूंना मुरुमाचं केसिंग. आता एक ढोबळ गणित करू. समजा हार्टिंग १० मीटर जाड, केसिंग एकूण ५० मीटर आणि पाण्याचा हेड ४० मीटर. केसिंगमधून पाणी हार्टिंगच्या १०,००० पट सहज झिरपतं असं धरा. जाडी भागिले पारगम्यता केलं की हार्टिंगचा विरोध १० येतो आणि केसिंगचा फक्त ०.००५. म्हणजे ४० मीटरपैकी जेमतेम २ सेंटिमीटर हेड केसिंगमध्ये जातो, बाकी सगळा हार्टिंगमध्ये! तिथला ग्रेडियंट जवळजवळ ४. हाच छेद रेघ न मारता एकच रीजन म्हणून सोडवला, तर ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७ येतो. सहापट कमी. आणि स्क्रीनवरचे रंग दोन्ही वेळा तितकेच छान दिसतात.

दुसरी रेघ : जोड असतो तिथे. पानशेतमध्ये घात झाला तो भरावाखालून पाणी सोडणाऱ्या नळापाशी, म्हणजे कंड्युइटपाशी. त्याच्या काँक्रीटला सळईचं बळ दिलेलं नव्हतं आणि गेटचं काम अपुरं होतं. नळावरचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून पाणी थोपवायचा प्रयत्न केला, पण शेवटी पाणी वरून गेलं. आता गंमत बघा. आपण मॉडेलसाठी बहुतेक वेळा सर्वांत उंच छेद घेतो. त्यात नळ दिसेलच असं नाही! म्हणून नळातून जाणारा वेगळा छेद घ्या, किंवा सरळ थ्रीडी मॉडेल करा. नळाला लागून मातीची एक पातळ पट्टीसुद्धा वेगळी रीजन करा, कारण तिथे मोठा रोलर पोचत नाही आणि दबाई कमी पडू शकते. तिथे मेश बारीक ठेवा. आणि जोड तपासा. दोन रीजनच्या कडा नुसत्या एकमेकींवर ठेवल्या आणि नोड्स जुळले नाहीत, तर पाणी आणि ताण पलीकडे जातच नाहीत. उलट पक्कं चिकटवलं, तर माती काँक्रीटवरून घसरू शकत नाही. घसरणं बघायचं असेल तर इंटरफेस द्यावा लागतो.

तिसरी रेघ : वेळ बदलते तिथे. धरण एका दिवसात उभं राहत नाही, थराथराने चढतं. म्हणून भरावाचे आडवे थर पाडून ते एकेक करून ॲक्टिव्हेट करायचे. पानशेतला बांधकाम चालू असतानाच पाणी चढलं. फक्त पूर्ण झालेल्या धरणाचं मॉडेल केलं तर ही अवस्था आपल्याला कधीच दिसणार नाही.

१९६१ च्या इंजिनिअरांकडे हे टूल नव्हतं हेही लक्षात ठेवायला हवं. 'फायनाइट एलिमेंट' हे नावच रे क्लफ यांनी १९६० मध्ये एका पेपरात वापरलं. आपल्याकडे आज ते लॅबमधल्या कॉम्प्युटरवर आहे. पण नळाला सळई नाही, गेट अर्धवट आहे, हे सॉफ्टवेअर आपल्याला सांगणार नाही. ते आपल्याला साइटवर जाऊन बघावं लागेल आणि त्याप्रमाणे रेघ मारावी लागेल.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, व्हायव्हाला 'इथे पार्टिशन का केलं?' असं विचारलं, तर 'मेश चांगलं येतं म्हणून' एवढंच सांगून थांबू नका. या रेघेच्या दोन बाजूंना नक्की काय वेगळं आहे, तेही सांगा. आणि पुढच्या पावसाळी ट्रिपला, पुन्हा बांधलेल्या त्या धरणाकडे जरा या नजरेने बघा.