पिण्याच्या पाण्यातील शिसे : बाधित कुटुंबांसाठी कायद्यातील मार्ग

निजामशाहीच्या काळात अहमदनगर शहरास आसपासच्या गावांतून जमिनीखालील खापरी नळांनी पाणी आणले जाई. 2024 साली अहिल्यानगर असे नामकरण झालेले हे शहर आज राहुरी तालुक्यातील मुळा धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाणी किती मिळते हा प्रश्न साहजिकच आधी विचारला जातो. परंतु मिळालेले पाणी पिण्यास योग्य आहे काय, आणि ते अयोग्य असल्यामुळे कुटुंबाची हानी झाल्यास दाद कोठे मागावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. शिशाच्या बाबतीत तर तो अधिकच निकडीचा ठरतो, कारण हे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि त्याचा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो.

शिशाचे स्वरूप

पाण्यात शिसे बहुधा उगमापाशी मिसळत नाही, वाटेत मिसळते. जुने शिशाचे नळ, डाख दिलेले सांधे, पितळी तोट्या, शिसेयुक्त स्थिरक वापरलेले पीव्हीसी पाइप ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. कारखान्याच्या सांडपाण्यामुळे विहिरीच्या पाण्यातही ते येऊ शकते. भारतीय मानक 10500 च्या 2012 मधील आवृत्तीनुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असता कामा नये. 1991 च्या आवृत्तीत ही मर्यादा 0.05 होती. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा अनिष्ट परिणाम होतो. बुद्धी मंदावते, अभ्यासातील लक्ष कमी होते, रक्तक्षय जडतो. गर्भवती स्त्रीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते. पाणी उकळल्याने शिसे जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. क्लोरिननेही ते नाहीसे होत नाही.

पहिली पायरी : पुरावा

न्यायालयात संशयाला किंमत नसते, पुराव्याला असते. गावपातळीवरील साध्या तपासणी-संचात शिशाची चाचणी सहसा नसते. म्हणून प्रयोगशाळेकडे नमुना देताना शिशाची तपासणी स्पष्टपणे मागावी लागते. रात्रभर नळात साचलेले पाणी सकाळी प्रथम सोडताच एक नमुना घ्यावा आणि काही वेळ पाणी वाहू दिल्यानंतर दुसरा घ्यावा. पहिल्यात शिसे अधिक व दुसऱ्यात कमी आढळल्यास दोष घरातील अथवा घराजवळील नळांत असण्याचा संभव असतो. नमुना घेताना पंच उपस्थित असावेत व त्याची लेखी नोंद व्हावी. त्याचबरोबर मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी करून अहवाल जपून ठेवावेत. पाणीपट्टीच्या पावत्या, औषधोपचाराची बिले आणि लेखी तक्रारीची पोच यांचेही पुढे मोल असते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये पाणी तपासणीचे जुने अहवाल मागता येतात व सामान्यतः 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

जबाबदारी कोणाची?

दोष कोठे आहे यावर दाद मागण्याचा मार्ग ठरतो. सार्वजनिक जलवाहिनीत दोष असल्यास महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत ही जबाबदार संस्था होय. पाणीपुरवठा हे तिचे कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य आहे. उद्योगाचे सांडपाणी कारणीभूत असल्यास जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 लागू होतो व पहिली तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावयाची असते. घरातील सदोष तोटी किंवा पाइप कारण असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार उत्पादक व विक्रेता यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पीव्हीसी पाइपांतील शिसेयुक्त स्थिरक हटविण्यासाठी केंद्र शासनाने 2021 साली स्वतंत्र नियम केले आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे.

दाद मागण्याचे मार्ग

अपाय तातडीने थांबविणे हा पहिला हेतू असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली जिल्हा दंडाधिकारी अथवा प्रांताधिकारी यांच्याकडे अर्ज करता येतो. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होती. तिच्याच आधारे 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सुप्रसिद्ध निर्णय दिला. निधी नाही ही नगरपालिकेची सबब न्यायालयाने मान्य केली नाही. आर्थिक अडचण पुढे करून नागरिकांच्या आरोग्याचे मूलभूत कर्तव्य टाळता येत नाही, असा त्याचा आशय होता. प्रत्येक पंचायत सदस्याने तो ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण हा महत्त्वाचा मार्ग आहे. 2010 च्या अधिनियमाच्या कलम 15 नुसार जलप्रदूषणाने बाधित झालेल्यांना भरपाई मागता येते. दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. या जिल्ह्यासाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम क्षेत्र खंडपीठ पुणे येथे आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच नुकसान भरून द्यावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात दृढ केले. तेथे रासायनिक कारखान्यांच्या टाकाऊ द्रव्यांनी विहिरींचे पाणी निरुपयोगी झाले होते.

मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे रिट अर्ज करता येतो. प्रदूषणरहित पाण्याचा उपभोग हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात म्हटले. पुढे डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पिण्याच्या पाण्यापासून पूर्णतः वंचित ठेवता येणार नाही, असे ठरविले.

दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावाही लावता येतो. मात्र शासन किंवा स्थानिक संस्था प्रतिवादी असल्यास दाव्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते व मुदती अल्प असतात. म्हणून वकिलाचा सल्ला लवकर घेणे हिताचे ठरते. अज्ञान मुलाच्या वतीने पालकास वादमित्र म्हणून दावा करता येतो. याशिवाय पाणीपुरवठा ही सार्वजनिक उपयोगिता सेवा असल्यामुळे, खटला दाखल होण्यापूर्वी कायम लोक अदालतीकडे जाण्याची सोय विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 22-ब व 22-क मध्ये आहे.

खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्न-मर्यादेखालील नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

फ्लिंटचा धडा

अमेरिकेतील मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचविण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला. नळ गंजू नयेत यासाठी आवश्यक ती प्रक्रिया नव्या पाण्यावर केली गेली नाही आणि जुन्या नळांतील शिसे घरोघरी पोहोचले. नागरिकांच्या तक्रारींकडे प्रथम दुर्लक्ष झाले. नागरिकांनी नमुने गोळा केले, डॉक्टरांनी मुलांच्या रक्ताच्या नोंदी तपासल्या आणि त्या आधारे दावे उभे राहिले. नोव्हेंबर 2021 मध्ये न्यायालयाने सुमारे 62 कोटी 60 लाख डॉलरच्या तडजोडीस मान्यता दिली. तिचा सर्वांत मोठा वाटा मुलांसाठी राखण्यात आला. तथापि, मुलांच्या वाढीच्या वयात झालेली हानी कोणत्याही रकमेने पूर्ण भरून येत नाही.

स्थानिक कार्यकर्त्यांचे काम

म्हणूनच दावा उभा राहण्यापूर्वीचे काम अधिक मोलाचे आहे. नवी नळयोजना मंजूर करताना पाइप व तोट्या शिसेविरहित असल्याची खात्री निविदेतच मागता येते. शाळेच्या पाण्याच्या टाकीची व नळांची तपासणी शिक्षक वर्षातून एकदा करवून घेऊ शकतात, आणि एकाच वस्तीतील अनेक मुले सतत अशक्त व अभ्यासात मागे दिसली तर ती बाब आरोग्य केंद्राच्या नजरेस आणू शकतात. ग्रामसभेत पाणी तपासणीचा अहवाल वाचून दाखविला जावा. एखाद्या कुटुंबाने तक्रार आणली तर तिची पोच देऊन त्याच आठवड्यात नमुना घेतला जावा. ती पोच व तो अहवाल त्या कुटुंबाच्या पुढील दाव्याचा पाया ठरतो. आणि वेळीच दुरुस्ती झाली, तर दाव्याची गरजही उरत नाही.