‘पुरे झाले’ म्हणण्यापूर्वी



उपदेश करण्यापूर्वी उपदेशकाने स्वतःचा दोष प्रथम सांगावा, हे बरे. म्हणून आमच्याच वर्गातील एक प्रसंग येथे देतो. बुद्धाच्या उपदेशावरील धडा चालला होता. शेवटच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, “हा उपदेश मूळ कोणत्या भाषेतील ग्रंथांत आहे? आणि तो आपल्या मराठीत कोणी आणला?” आम्ही उत्तरलो, “परीक्षेला हे येत नाही. पुढे वाचा.” मुलगा निमूटपणे खाली बसला.

त्या रात्री आम्ही आपली टाचणवही उघडून पाहिली. आठ वर्षांपूर्वी परिश्रमपूर्वक केलेली ती टाचणे आम्ही प्रतिवर्षी तशीच वापरीत आलो होतो. पहिल्या वर्षी त्या वहीची प्रशंसा झाली होती, आणि आमच्या अधोगतीस आरंभ झाला तो त्याच दिवशी! अपयशाने मनुष्य खचतो हे खरे. परंतु बेताचे यश त्याला जागच्या जागी झोपवून टाकते. खचलेल्यास निदान आपण पडलो आहोत हे कळते. झोपलेल्यास तेही कळत नाही.

येथे कोणी विचारील की, समाधान हा सद्गुण नव्हे काय? होय, आहे. मिळालेल्या अन्नवस्त्राविषयी समाधान असावे. केलेल्या कर्तव्याविषयी ते जपून बाळगावे. आमच्या गोमंतकातील खाजनशेतीचे उदाहरण घ्या. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेला असतो. बांध गतवर्षी मजबूत होता एवढ्यावर विसंबून कोणताही शहाणा शेतकरी घरी बसत नाही, कारण खेकडे आतून बिळे पाडीत असतात. बाहेरून बांध शाबूत दिसतो, आणि एखाद्या भरतीला सारे शेत खारावते. संपादन केलेल्या विद्येची स्थितीही अशीच आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. ते ग्रंथ पाली भाषेत आहेत. आणि ते मराठीत आणण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते धर्मानंद कोसंबी आमच्याच गोव्यातील साखवळ गावी १८७६ साली जन्मले. आमच्याप्रमाणेच त्यांचीही मातृभाषा कोंकणी. शालेय शिक्षण फार थोडे. मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात बुद्धावरील लेख त्यांच्या वाचनात आला, आणि हा धर्म मुळापासून जाणून घ्यावा अशी ओढ त्यांना लागली. घराबाहेर पडण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. तरी १८९९ च्या अखेरीस ते निघाले. पुण्यास व पुढे काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काशीत संस्कृत शिकलेल्या तरुणास गावी परतून मानाने राहता आले असते. परंतु ते नेपाळात गेले, तेथे निराशा झाली तेव्हा १९०२ साली सिंहलद्वीपास गेले, पाली शिकले, आणि पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

खरी कसोटी यापुढेच होती. हिंदुस्थानात परतल्यावर कलकत्त्याच्या विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम त्यांस मिळाले. तेथेच राहिल्यास दरमहा २५० रुपये वेतन मिळावयाचे होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दुसरीकडे बडोद्याचे सयाजीराव महाराज दरमहा ५० रुपये देण्यास सिद्ध होते. अट एवढीच की, महाराष्ट्रात कोठेही राहून वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी ५० रुपये पत्करले. आपण मिळविलेले ज्ञान आपल्या लोकांच्या भाषेत उतरले नाही, तोवर ते कार्य त्यांना अपुरे वाटत होते. पुढे १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठी ते १९१० ते १९३२ या अवधीत चार वेळा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० साली प्रसिद्ध झाली. ती त्यांना पाहावयास मिळाली नाही.

या चरित्रापासून कोणी भलताच बोध घेऊ नये. कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा घरी पत्नी व लहान मूल होते. त्यांच्या विद्येची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. घर सोडा असे आमचे सांगणे नाही. सोडावयाचे आहे ते ‘पुरे झाले’ हे दोन शब्द. शंभरांपैकी सत्तर गुण मिळविणाऱ्या मुलाने उरलेल्या तिसांचा विचार करावा. ज्यास गणित उत्तम येते, त्याने ज्या निबंधाचे भय वाटते तो आधी लिहावयास घ्यावा. ज्याचे अक्षर सुंदर आहे, त्याने त्या अक्षरात आपण काय लिहितो हे तपासावे. आपल्या आवडीचे, सरावाचे काम म्हणजे परिश्रम नव्हे. जे करताना आपण चुकतो, त्यातच आपली वाढ असते. आणि ही शिस्त शिक्षकांसही लागू आहे, हे आम्ही आता शिकलो आहो.

आठवडाभर वाचन करून आम्ही त्या मुलास वर्गासमोर उत्तर दिले, व त्या दिवशी त्यास गप्प बसविल्याबद्दल दिलगिरीही प्रकट केली. मनात म्हटले, ऋण फिटले. परंतु तो मुलगा पुन्हा उभा राहिला. “गुरुजी, सिंहलद्वीपात उतरले त्या दिवशी त्यांना तिथली भाषा येत नव्हती. मग त्यांनी पाणी कसे मागितले असेल?”

वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कोसंबींचे ‘निवेदन’ हे १९२४ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयास घेतले आहे. जुनी टाचणवही माळ्यावर गेली. नवीन वहीची पहिली दोन पाने भरली आहेत.